फ्रिजात झोपलेलं पावणं

पंगतीत मी वाढायला उभा राहिलो की लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. माझा त्या हातांवर कधीच विश्वास बसलेला नाही. डाव्या हातानं ते हात हलकेच बाजूला करायचे, 'एवढंसं' म्हणायचं आणि उजव्या हातानं पळीभर रस्सा सोडायचा, ही कला मी वडिलांकडून शिकलो. उठताना ज्याला जमिनीचा आधार घ्यावा लागला नाही, तो माणूस आमच्या हिशेबी उपाशी गेला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात झाडाचा काही दोष नव्हता.

झाड ऑर्किडचं. आपल्याकडं आंब्याच्या फांदीवर वाढतं तसलं नव्हे. थंड डोंगरांत जमिनीवर उगवणारं, हिवाळाभर बर्फाखाली झोपणारं. फुलाची खालची पाकळी पुढून बंद असलेल्या सपातेसारखी फुगलेली असते, म्हणून इंग्रजीत त्याला बाईची सपाता म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला पायताणाचं कौतुक सांगायचं नसतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'अंगठा कुठाय त्याला?' एवढंच विचारलं होतं.

विचारलं बायकोला. ती हायस्कुलात विज्ञान शिकवते. बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या सरांनी तिला विचारलं होतं, ऑर्किडच्या फुलात पुंकेसर किती? ती म्हणाली, बहुतेकांत एक, पण या सपातेवाल्यांत दोन. सर हसले. म्हणाले, "बाळ, सगळ्यांत एकच." मार्क गेले. पुस्तकात दोन लिहिलेत हे तिनं दाखवलं असतं, पण ती पुस्तक घेऊन येईतो सर गाडी पकडून गेले होते. तेव्हापासून तिला ते फूल एकदा समोर धरून स्वतःच्या डोळ्यांनी दोन मोजायचे होते. फोटोत ते दिसत नाहीत. फुलाच्या मधोमध ढालीसारखा एक पडदा असतो आणि त्याच्या मागं दोन बाजूंना ते लपलेले असतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दुकानात न मिळणारी अशी ही एकच गोष्ट तिनं मागितली.

हिमाचलच्या सहलीत तो योग आला. हॉटेलामागच्या उतारावर देवदारांखाली हे फूल आलंय, सकाळी नाष्टा झाला की वाटाड्या दाखवून आणेल, असं सहलवाल्यानं सांगितलं. बायकोनं रात्रीच बूट पुसून दाराशी ठेवले. सकाळी नाष्ट्याला पोहे होते. गोड पोहे. त्यात डाळिंबाचे दाणे. मी बरोबर कांदा-लसूण चटणीची बरणी नेलेली होती. आचाऱ्याला म्हटलं, सरका जरा, तुम्हाला झणझणीत कट करून दाखवतो. बायकोला म्हटलं, तू हो पुढं, नको, थांब, आलोच.

कटाला वेळ लागतो. तेल सुटल्याशिवाय तो उतरवता येत नाही. आचारी मोठ्या उत्सुकतेनं बघत होता. किंवा मला स्वयंपाकघरातून बाहेर कसं काढावं हे त्याला कळत नसावं. मी पातेलं घेऊन विजयी मुद्रेनं बाहेर आलो तर मंडळी कधीच निघून गेलेली, आणि बायको पायरीवर एकटी, बूट घालून बसलेली.

"तू का नाही गेलीस?"

"तुम्ही म्हणालात, आलोच."

आम्ही पळत निघालो तोवर धुकं उतरलं. उतार सोडाच, हॉटेलची पाटी दिसेना. ती म्हणाली, "राहू द्या." दुपारी आमची गाडी पुढच्या गावाला सुटली. गाडीत जो तो मोबाइलवर फुलाचे फोटो दाखवत होता. माझ्या कटाचं कुणी नावही काढलं नाही. शेवटी मला राहवेना. सीटची दांडी धरून मी उभा राहिलो आणि भरल्या गाडीत जाहीर केलं, "हे फूल मी हिला घरी फुलवून दाखवणार."

बायको खिडकीबाहेर बघत होती. "कोल्हापुरात?"

"कोल्हापुरात काय उगवत नाही?"

"हेच," ती म्हणाली.

रानातलं ते झाड उपटायला कायद्यानं बंदी आहे, आणि असायलाच हवी. जगात माझ्यासारखे लोक असतात. पण डोंगरातला एक गृहस्थ प्रयोगशाळेत बियांपासून त्याची रोपं तयार करून रीतसर विकतो, असा शोध मी लावला. त्याला फोन केला. त्यानं विचारलं, "तुमच्याकडं बर्फ पडतो का?"

मी म्हटलं, "गोळा मिळतो."

"उन्हाळ्यात किती तापतं?"

मी गावाच्या इभ्रतीचा विचार करून खरं सांगितलं नाही. जे सांगितलं तेही ऐकून त्यानं गावाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, मातीत लावू नका, तुमच्या पावसाळ्यात कुजून जाईल. आणि हिवाळ्यात त्याला थंडी द्या, नाहीतर झोपणार नाही, आणि झोपलं नाही तर फुलणार नाही.

मातीत नाही तर कशात, याचं उत्तर मला इंटरनेटवर एका परदेशी माणसानं दिलं. ही अर्धी पाण्यातली लागवड. एक पारदर्शक डबा घ्यायचा. तळापासून दोन बोटं वर, बाजूला, एक बारीक भोक पाडायचं. डब्यात माती नाही. भट्टीत भाजून फुगवलेले मातीचे गोळे, सुपारीएवढे. वरून पाणी ओतलं की भोकापर्यंत साचतं, जास्तीचं बाहेर पडतं. गोळे खालचं पाणी हळूहळू वर ओढतात, त्यामुळं मुळांना ओलही मिळते आणि हवाही. खत नावापुरतं. सगळी विद्या त्या भोकात आहे.

आता माझं दुकान पंप, पाइप आणि नळाच्या सामानाचं. ज्या कशात पाणी आहे ते मला कळतं, असा माझा समज आहे. आणि नळाचा धंदा केलेल्या माणसाला नुसतं भोक बघवत नाही. मी तिथं पितळी नळ बसवला. नळाच्या वजनानं डबा पुढं झुकला, म्हणून मागं वीट ठेवली. विटेनं तो मागं झुकला, म्हणून खाली लोखंडी चौकट करून घेतली. एवढं झाल्यावर लक्षात आलं की नळ उघडाच ठेवायचा असेल तर तो असण्याची गरज नाही. बायको बघून म्हणाली, "मोटर कधी जोडणार?" खरं तर मी त्या विचारात होतो. नळ काढला तर भोक नळाच्या मापाचं राहिलं आणि त्यातून गोळे एकेक करून बाहेर यायला लागले. मग नवा डबा आणला आणि दाभण तापवून एक भोक पाडलं. परदेशी माणसानं पहिल्या मिनिटाला तेच सांगितलं होतं.

दिवाळीनंतर कुरिअर आलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेला मुळांचा झुपका आणि मधे एक टोकदार कोंब. मेलेल्या कोळ्यासारखं दिसत होतं. ते निजलेलंच आलं होतं, म्हणून थंडी सुरू ठेवायला मी ते डब्यासकट फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं.

हा कप्पा माझ्या आईचा. ती आमच्याकडंच असते आणि फ्रिज तिच्या ताब्यात आहे. संध्याकाळी तिनं दार उघडलं.

"ह्ये काय ठेवलंस रं?"

"झाड आहे."

"निवडायचं हाय व्हय?"

"नाही आई. झोपलंय ते. फेब्रुवारीत उठेल."

आईनं ते डोळे बारीक करून पाहिलं. "कुठलं म्हणायचं?"

"हिमाचलचं."

"म्हंजे पावणं की," ती म्हणाली, आणि दार आवाज न करता लावलं. दुसऱ्या दिवशी डब्यावर रुमाल टाकलेला. मी विचारलं तर म्हणाली, दार उघडलं की आत दिवा लागतो, त्यानं झोपमोड हुईल. तिसऱ्या दिवशी तिनं कोथिंबिरीची जुडी दुसरीकडं हलवली, पावण्याला अडचण नको म्हणून. बायकोनं सफरचंदांना फ्रिजची बंदी केली; पिकल्या फळातून निघणाऱ्या वायूनं कोंब बिघडतो म्हणाली. मी तापमानाचं बटण एकदा शेवटपर्यंत फिरवलं आणि रातोरात काकड्यांची काच केली. झाड वाचलं, कारण त्याच्यावर रुमाल होता. एकदा दिवसभर वीज गेली तेव्हा मी मासळी बाजारातून बर्फ आणून कप्प्यात भरला. झाडाला काही झालं नाही, पण दहीभाताला आठवडाभर बोंबलाचा वास येत होता.

फेब्रुवारीत पावणं बाहेर आलं. जागा ठरवली जिन्याखाली, माठाशेजारी, भोवतीनं ओलं पोतं. आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा ती. कोंब फुटला, वर आला, आणि त्यातून घड्या घातलेल्या पंख्यासारखी दोन पानं उलगडली. फूल नव्हतं. पहिल्या वर्षी येत नाही म्हणे. तरी बायको शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी जिन्याखाली डोकावायची. मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना ऑर्किडविषयी सांगायला लागलो होतो. पंपाचा फूट व्हॉल्व्ह मागायला आलेला माणूस फूट व्हॉल्व्ह न घेता निघून जायचा.

एका रविवारी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, कोडोलीला ऊस करतो. जेवण झाल्यावर मी त्याला जिन्याखाली नेलं. तो उकिडवा बसला, डबा चहूबाजूंनी पाहिला, गोळे बोटानं हलवले.

"दाजी, माती कुठाय?"

"माती नाही."

"बरं. मग देता काय ह्येला?"

"पाणी."

"आणि?"

"हवा."

जेवायला बोलावून तांब्याभर पाणी पुढं ठेवणाऱ्या यजमानाकडं बघावं तसं तो माझ्याकडं बघत राहिला. "दाजी, तुमी माझ्या ताईला ह्या घरात नीट खायाला घालताय न्हवं?"

"तूच विचार तिला."

"तिला इचारलं तर ती म्हणंल, राहू दे," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. आधी टोकं, मग कडा, मग पापड भाजल्यासारखे डाग. परदेशी माणूस म्हणाला, हे खारटपणाचं लक्षण. मुळांना जास्त खत झालंय. मला हसू आलं. जास्त? मी तर थेंब मोजून घालत होतो. दुकानात पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आहे, ते आणून डब्यात बुडवलं. आकडा बघून मला वाटलं यंत्र बिघडलं. आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं. बोअर त्यापेक्षा गोड निघाली.

डबा रिकामा केला, गोळे धुतले, पाणी बदललं. चार दिवसांनी पुन्हा मोजलं. आकडा पुन्हा होता तिथंच. आणि एक नवी गोष्ट दिसली: पाणी भोकाच्या वर चढलं होतं. भोक कणकेनं लिंपलेलं होतं. नीट, गुळगुळीत, अंगठ्याचा ठसा उठवून.

रात्री जेवायला बसल्यावर मी विषय काढला. मेव्हणा बाजाराला आला होता, तोही पंगतीला होता.

"भोक कुणी बुजवलं?"

"मी," आई म्हणाली. "भांडं गळत हुतं. रोज पुसतीया मी खालनं. तुझ्या दुकानात एवढा माल, आन् घरात गळकं भांडं."

"गळायला हवं ते!"

"गळाय पायजे, तर भरतोस कशाला?"

मी विषय पुढं नेला. "आणि त्यात कुणी काही घातलं का?"

आई भाकरी मोडत म्हणाली, "घालाय काय, तांदळाचं धुवण तेवढं. रोज. आन् डाळीचं. नुसत्या पाण्यावर पावणं ठेवत्यात व्हय रं? आपल्या घराला बरं दिसतं का?"

मी मेव्हण्याकडं पाहिलं. तो ताटात बघत होता. "चिमूट," तो म्हणाला. "युरियाची. खिशात हुती म्हणून."

"खिशात युरिया?"

"ऊसवाल्याच्या खिशात काय असणार दाजी, अत्तर?"

उरली बायको. मी तिच्याकडं बघण्याचं काही कारण नव्हतं. ती विज्ञान शिकवते. क्षार, मुळं, पाण्याचं ओढलं जाणं, हे सगळं ती फळ्यावर काढते. तरी ती पाण्याचा घोट घेऊन शांतपणे म्हणाली, "अंड्याच्या टरफलांचं पाणी मी घालत होते. कॅल्शियमसाठी. प्रमाण बरोबर होतं."

"आणि तुमचं?" तिनं विचारलं.

माझं म्हणजे, मी थेंब मोजूनच घालत होतो. फक्त खताच्या बाटलीवर दोन लिहिले असतील तर मी चार मोजत होतो. कंपन्या हात राखून लिहितात, असा माझा अनुभव आहे. आणि शेवटी बाटली परत ठेवताना, एवढंसं.

आईनं सवयीनं पळी उचलली, मेव्हण्यानं सवयीनं ताटावर हात धरला, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्या डब्याला हात नव्हते.

महिन्याभरात दोन्ही पानं गळाली. आई जिन्याखालून जाताना आवाज उतरवून बोलायला लागली. मी डबा उचलून मागच्या दारी नेला. गोळे ओतून टाकावेत आणि हा विषय आपल्या आयुष्यातून जावा, असं मला मनापासून वाटत होतं. बायको शाळेतून आली, पर्स तशीच खांद्याला. तिनं गोळ्यांत बोट घातलं, खोलवर, आणि एक मूळ अलगद वर काढलं. टोक पांढरं होतं. तांदळाच्या कणीएवढं, पण पांढरं. नापास झालेल्या पोराची गुणपत्रिका बघतात तसं तिनं ते बघितलं, परत घातलं आणि म्हणाली, "पुरवणी परीक्षेला बसू शकेल."

मग कायदा झाला. झाडाला कुणीही काही घालायचं नाही. पाणी मी घालणार, ते यंत्रानं मोजणार, आणि आठवड्यातून एकदा साध्या पाण्यानं डबा धुवून काढणार. मेव्हण्याचे खिसे दारात तपासायचे. हा कायदा सगळ्यांना जमला, आईला जमेना. धुवणाचं पातेलं घेऊन ती जिन्यापाशी उभी राहायची आणि मग बेसिनमध्ये ओतताना अशी बघायची, जणू आम्ही तिच्याकडून पाप करवून घेतोय. शेवटी मी तसलाच दुसरा डबा केला, त्यात अळूचा कांदा लावला आणि ऑर्किडच्या शेजारी ठेवला. म्हटलं, आई, हे तुझं. आईनं त्याला धुवण घातलं, ताक घातलं, भाजी धुतलेलं पाणी घातलं. भोक कणकेनं बुजवलं. अळूची पानं दुपारच्या जेवणाच्या ताटाएवढी झाली. आम्ही पावसाळाभर अळूवड्या खाल्ल्या. ऑर्किड त्या पानांच्या सावलीत बिनपानाचं गप्प बसून होतं. त्याला सावली आयती मिळाली, हे मी पुढं स्वतःच्या योजनेचा भाग म्हणून सांगायला लागलो.

दुसरा हिवाळाही फ्रिजात गेला. या वेळी आईनं रुमालाऐवजी लोकरीचं टोपडं घातलं. फेब्रुवारीत बाहेर काढलं, कोंब फुटला, आणि मार्चमध्ये दोन पानांच्या मधून एक बारीक देठ वर आला. टोकाला हरभऱ्याएवढी कळी. मी बायकोला बोलावलं. ती खाली बसली, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हंऽ." तिच्याकडून एवढं येणं म्हणजे ढोल वाजवल्यासारखंच.

त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहीण जयसिंगपूरला एकटीच असते. बायकोनं रजा टाकली आणि बॅग भरली. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत उमलायचं नाही." मला नाही, कळीला.

पण उन्हानं घाई केली. कळी रोज फुगायला लागली. मी पोतं भिजवलं, पंखा लावला, माठ बदलला. गुरुवारी सकाळी खाली गेलो तर ते उघडलेलं होतं. हिरवट पाकळ्या बाजूला पिळलेल्या, आणि खाली पांढरीशुभ्र फुगीर सपाता, लहान मुलाच्या पायाच्या अंगठ्यात येईल एवढी. मी तिथंच फरशीवर बसलो. आई मागून म्हणाली, "जोड न्हाय व्हय? एकच?" मी फोन लावला.

"उमललं."

पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "किती दिवस टिकेल?"

"या उन्हात दोन. फार तर तीन."

"मला अजून आठवडा लागेल. ताईला अजून उठताही येत नाही."

"फोटो पाठवू?"

"फोटोत ते दिसत नाहीत," ती म्हणाली. मग नेहमीच्याच आवाजात, "राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

हे 'राहू द्या' मी आधी एकदा ऐकलं होतं, धुक्यात. आईनं सुचवलं, "तूच मोज आन् सांग की फोनवर." पण मी मोजून सांगितलेल्या कशावर तिनं का विश्वास ठेवावा? मी तिला 'आलोच'ही सांगितलं होतं.

स्कूटरवर फूल टिकलं नसतं. मेव्हण्याची जीप होती, पण तो तिच्यातून खत नेतो. मी आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचं खोकं आणलं, बाजूनं पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या रचल्या, मधे डबा बसवला, झाकणाला देठापुरती खाच केली आणि एसटीत जाऊन बसलो. खोकं मांडीवर. वरून फूल बाहेर डोकावत होतं.

कंडक्टर आला. "पावणं, मासं हाय का? वास मारंल गाडीत."

"फूल आहे."

"फुलाला बर्फ?"

"थंड मुलखातलं आहे."

"मग हिकडं कशाला आलंय मरायला?" असं म्हणून त्यानं तिकीट फाडलं. या प्रश्नाचं उत्तर मीही दोन वर्षं शोधत होतो.

शेजारी एक आजी बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पायाशी भाजीची पिशवी. हातकणंगल्यापर्यंत त्या फुलाकडं नुसत्या बघत होत्या. ऊन चढलं होतं, खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. फुलाची एक पाकळी किंचित सैल पडली. आजींनी पिशवीतून बाटली काढली.

"आगं बाई, कसं वाळलंय लेकरू. घाला ह्ये थोडं."

"काय आहे ते?"

"मीठसाखरंचं पाणी. मी सोताला घेतलंय उन्हाचं, चक्कर येती म्हणून. लई गुण हाय."

"नको आजी. त्याला चालत नाही."

"चालत न्हाय कसं? उपाशी न्हेतोस व्हय रं पावण्याला?" त्यांनी बूच काढलं. मी डब्यावर दोन्ही हात आडवे धरले. आजींनी डाव्या हातानं माझे हात हलकेच बाजूला केले. "एवढंसं," त्या म्हणाल्या.

इतक्या सफाईनं माझेही हात कधी चालले नसतील. आयुष्यात पहिल्यांदा मी ताटाच्या त्या बाजूला होतो आणि मला समजलं की लोक खरंच 'नको' म्हणत असतात. मी पुढं वाकलो, अख्ख्या अंगानं डब्यावर ओणवा झालो. त्याच वेळी ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बाटली उलटली. सगळं मीठसाखरेचं पाणी माझ्या पँटवर गेलं. डब्यात थेंबही नाही.

"सांडलं की," आजी हळहळल्या. "थांब, ताक हाय."

उरलेला प्रवास मी दाराजवळ उभ्यानं केला, खोकं छातीशी धरून.

बायकोनं दार उघडलं तेव्हा तिचे हात ओले होते. तिनं आधी माझ्या पँटकडं पाहिलं. गुडघ्यापाशी मुंग्या जमायला सुरुवात झाली होती.

"हे काय?"

"मीठसाखर."

मग तिनं खोक्याकडं पाहिलं. पदराला हात पुसले, आत जाऊन चष्मा आणला आणि ओसरीच्या पायरीवर बसली. मी डबा काढून तिच्यासमोर ठेवला. एक पाकळी लोंबत होती, पण सपाता ताठ होती. तिनं बांगडीतली सेफ्टीपिन काढली, उघडली, आणि टोकानं ती मधली ढाल अगदी हलकेच कलती केली. डावीकडून वाकून पाहिलं. उजवीकडून वाकून पाहिलं. परत डावीकडून.

"दोन," ती म्हणाली.

मला वाटलं अजून काही म्हणेल. तिनं पिन पुन्हा बांगडीत अडकवली.

"मी बघू?"

तिनं सरकून जागा दिली आणि बोटानं दाखवलं. ढालीच्या मागं, एक या बाजूला, एक त्या बाजूला, राळ्याच्या दाण्याएवढे दोन पिवळट ठिपके. यासाठी मी बोंबलाचा दहीभात खाल्ला होता. मी म्हटलं, "त्या सरांना कळवायचं का?"

"कशाला? त्यांना एकच माहीत आहे, सुखात असतील," ती म्हणाली. पण नजर फुलावरून काढली नाही, आणि चष्माही.

आतून, पलंगावरून, तिच्या बहिणीला उघड्या दारातून डबा दिसत होता. "अगं, किती मलूल झालंय ते झाड! पेज आहे उरलेली, थोडी घाल की त्याला."

बायकोनं वर न बघता डब्यावर हात आडवा धरला.

मी संध्याकाळच्या गाडीनं रिकामं खोकं घेऊन परत आलो; डबा तिच्याकडंच राहिला. घरात पाऊल टाकलं तर आई जिन्याखाली पातेलं घेऊन उभी.

"मोजलं का तिनं?"

"मोजलं. दोन आहेत."

आईनं समाधानानं मान हलवली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आता एवढं फुलून दमलं असंल ते. आल्यावर तरी घालू का कायतरी त्येला? डिंकाचा लाडू नसंल चालत, पर खिरीचं पाणी?"

मी अळूकडं बोट दाखवलं.